हृदयाचे वायरमन

साक्री तालुक्याला विजेचं अप्रूप नाही. शिवाजीनगरच्या माळावर महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 पासून उभा आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, आणि तरीही पावसाळ्याआधीचं पहिलं वादळ सुटलं की गावं अंधारात जातात. अशा वेळी फोन लागतो तो वायरमनला. वीज तयार होणं वेगळं आणि ती घरापर्यंत, पंपापर्यंत पोचणं वेगळं, हे इथल्या कांदेवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

हृदयातही वीज एका जागी तयार होते आणि दुसरीकडे पोचवावी लागते, हे डॉक्टरांना शंभर-सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे. पण त्या लाइनवर वायरमनही नेमलेले असतात, आणि ते मूळचे भलत्याच खात्यातले असतात, हे कळायला 2017 साल उजाडलं.

आधी लाइन पाहू. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, म्हणजे उजव्या अलिंदात, सायनस नोड नावाचा पेशींचा एक पुंजका असतो. मेंदूने आज्ञा देण्याची वाट न पाहता तो मिनिटाला साठ ते शंभर वेळा आपला आपण चेततो. दिवसाचे झाले साधारण एक लाख ठोके. तिथून निघालेली विजेची लहर वरचे दोन्ही कप्पे आवळत खाली येते आणि एव्ही नोड नावाच्या दुसऱ्या पुंजक्यापाशी थबकते. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये वीज न वाहणाऱ्या तंतूंचा थर असतो, त्यामुळे निरोगी हृदयात खाली उतरायला ही एकच वाट. इथे लहर साधारण एक दशांश सेकंद रेंगाळते. तेवढ्या वेळात वरचं रक्त खालच्या कप्प्यांत, निलयांत, उतरून घेतं. मग लहर हिसच्या जुडग्यातून आणि पुरकिंजे तंतूंतून डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळीकडे पसरते आणि खालचे कप्पे आवळतात. हा उशीर नसता तर चारही कप्पे एकदमच आवळले असते आणि रक्त पुढे सरकण्याऐवजी जागच्या जागी घुसळलं असतं.

हा उशीर कागदावर मोजता येतो. कुणाचाही जुना ईसीजी घरात सापडला तर काढून बघा. गुलाबी चौकटींचा तो कागद मशीनमधून सेकंदाला 25 मिलिमीटर वेगाने सरकतो, म्हणजे एक लहान चौकट सेकंदाच्या पंचविसाव्या भागाची. आधी एक बुटका उंचवटा येतो, तो वरच्या कप्प्यांचा. मग थोडी सपाट रेघ. मग उंच टोकदार सुळका, तो खालच्या कप्प्यांचा. उंचवट्याच्या सुरुवातीपासून सुळक्याच्या सुरुवातीपर्यंत तीन ते पाच लहान चौकटी भरल्या तर सगळं ठीक. पाचाच्या वर गेल्या तर लहर नोडमध्ये गरजेपेक्षा जास्त अडकते आहे. आणि सुळक्याची उंची? कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग. शिवाजीनगरच्या 125 मेगावॉटला लाजवणारा काटकसरीपणा आहे हा.

या एव्ही नोडचा शोध कसा लागला ती हकिकत विलक्षण आहे. 1903 मध्ये सुनाओ तावारा नावाचा तरुण जपानी डॉक्टर जर्मनीत मारबुर्गला लुडविग आशोफ यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. आशोफ यांनी त्याला काम दिलं ते हृदयातली सूज शोधायचं. माणसं हृदय थकून मरतात, त्यामागे स्नायूतली सूज आहे का, एवढाच प्रश्न. तावाराने शंभराहून जास्त हृदयं चिरली, पातळ काप काढले, रंगवले, सूक्ष्मदर्शकाखाली धरले. सुजेतून मनाजोगतं उत्तर काही निघेना. पण कापामागून काप पाहताना त्याला एक गाठ दिसली, तिच्यातून निघणारं जुडगं दिसलं आणि त्याच्या खाली पसरत जाणाऱ्या फांद्या दिसल्या. 1906 मध्ये त्याने पुस्तक लिहिलं आणि हृदयाच्या वायरिंगचा नकाशा जगाला मिळाला. सूज शोधायला गेलेल्या माणसाच्या हाती लाइन लागली.

त्याच प्रयोगशाळेत, दोनच वर्षं आधी, 1904 मध्ये आशोफ यांनी स्वतः एक शोध लावला होता. संधिवाताच्या तापाने, म्हणजे रुमॅटिक फिव्हरने, मेलेल्या रुग्णांच्या हृदयात त्यांना पेशींचे बारीक बारीक घोळके दिसले. आज त्यांना आशोफ गाठी म्हणतात, आणि त्यातल्या मोठ्या पेशी मॅक्रोफेजच्या कुळातल्या आहेत हे आता ठाऊक आहे. पुढे 1924 मध्ये याच आशोफ यांनी शरीरभर विखुरलेल्या ‘खाणाऱ्या’ पेशींना एका शरीरसंस्थेच्या नावाखाली एकत्र आणलं. म्हणजे ठोक्याची वाट, हृदयातल्या मॅक्रोफेजच्या गाठी आणि मॅक्रोफेजचं अख्खं खानदान, या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या टेबलावर येऊन गेल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल हे कुणाच्याच मनात आलं नाही. त्यात त्यांचा दोष नाही. रंगवलेल्या कापातून वीज वाहत नसते.

मॅक्रोफेज म्हणजे कोण, हे सांगायला 1882 सालच्या सिसिलीत जावं लागेल. तिथल्या मेसिना शहरात इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहत होता. घरची मंडळी सर्कसला गेली होती, हा एकटाच सूक्ष्मदर्शकापाशी. तारामाशाच्या पारदर्शक अळ्या पाहता पाहता त्याला वाटलं, हिच्या अंगात काटा टोचला तर? बागेतल्या गुलाबाचे काटे तोडून त्याने अळ्यांना टोचले. रात्रभर त्याला झोप लागली नाही. सकाळी पाहतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींनी गर्दी केली होती. शेतात बाभळीचा काटा पायात मोडून राहिला की दोन दिवसांत तिथे पू धरतो, तो याच जातीच्या पेशींचा कारभार. 1908 मध्ये मेचनिकॉव्हला नोबेल मिळालं, आणि या पेशींवर शिक्का बसला तो कायमचा: जंतू गिळायचे, मेलेल्या पेशी उचलायच्या, जागा साफ करायची. थोडक्यात, सफाई खातं.

निरोगी हृदयातही मॅक्रोफेज असतात, हे कळल्यावर लोकांनी तोच अर्थ लावला. जंतूची वाट पाहत बसले असतील. त्यातले बरेचसे तर आपण आईच्या पोटात असतानाच हृदयात येऊन स्थायिक झालेले असतात.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात मातियास नारेनडॉर्फ यांच्या गटात मार्टेन हुल्समन्स आणि सहकाऱ्यांनी या पेशी नीट मोजायला घेतल्या, तेव्हा त्या एव्ही नोडमध्ये दाटीने सापडल्या. उंदरांत सापडल्या, माणसांच्या हृदयातही सापडल्या. साध्या सफाईसाठी त्याच एका कोपऱ्यात एवढी माणसं कशाला? जवळून पाहिलं तर मॅक्रोफेजचे लांब हात स्नायूपेशींना बिलगलेले होते, आणि जिथे ते टेकत होते तिथे कोनेक्सिन-43 नावाच्या प्रथिनाच्या बारीक नळ्या होत्या. या नळ्यांमधूनच हृदयाच्या स्नायूपेशी एकमेकींना वीज देतात. म्हणजे सफाई खात्याच्या माणसाने तारेला जोड दिलेली होती! मॅक्रोफेजच्या आतला विजेचा दाब मोजला तर तो शेजारच्या स्नायूपेशीच्या ठोक्याबरोबर वरखाली होत होता. शिवाय या जोडामुळे स्नायूपेशीचा विश्रांतीतला दाब किंचित वर राहतो, त्यामुळे ती पुढच्या लहरीला लवकर दाद देते.

एवढ्यावर शंकेखोर शास्त्रज्ञ मानणार नाहीत, म्हणून त्यांनी एक भन्नाट प्रयोग केला. पाण्यातल्या एका हिरव्या शेवाळात उजेड पडला की विद्युतभारित कण आत सोडणारं प्रथिन असतं. ते त्यांनी उंदरांच्या मॅक्रोफेजमध्ये बसवलं आणि नोडवर प्रकाश टाकला. लहर नोडमधून अधिक सहज जाऊ लागली. स्नायूपेशींना कुणी हातही लावला नव्हता, फक्त मॅक्रोफेजना उजेड दाखवला होता. उलटही करून पाहिलं. मॅक्रोफेजमधलं कोनेक्सिन-43 काढून टाकलं तर लहर मंदावली, आणि मॅक्रोफेजच नाहीसे केले तर मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके पडणाऱ्या उंदराच्या हृदयात वरची लहर खाली पोचेनाशी झाली. याला डॉक्टर एव्ही ब्लॉक म्हणतात. माणसाला तो झाला की पेसमेकर बसवायची वेळ येते. तावाराच्या पुस्तकानंतर 111 वर्षांनी, एप्रिल 2017 मध्ये, हा निबंध ‘सेल’ या नियतकालिकात आला.

नंतर वायरमनच्या कामाची यादी वाढतच गेली. स्नायूपेशी दिवसाला लाखभर वेळा आवळायची तर तिच्यातली ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया झिजणारच. माद्रिदमध्ये आंद्रेस इदाल्गो यांच्या गटाने 2020 मध्ये दाखवलं की स्नायूपेशी ही झिजलेली मायटोकॉन्ड्रिया पुड्या बांधून बाहेर टाकते आणि शेजारचा मॅक्रोफेज त्या उचलून नेतो. टोकियोच्या संशोधकांनी 2021 मध्ये सांगितलं की हृदयावर ताण आला की मॅक्रोफेज अँफिरेग्युलिन नावाचं एक द्रव्य सोडतात, आणि त्यामुळे स्नायूपेशींमधले जोड जागच्या जागी राहतात. ते नसलं तर ताण आलेले उंदीर लय बिघडून अचानक मरतात. लाइनवर आलेल्या फांद्या तोडायच्या, सैल जोड आवळायचे, प्रवाह चालू ठेवायचा. खातं कुठलंही असो, काम वायरमनचंच.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण आपल्या भागात रोगप्रतिकारक पेशी आणि ठोक्यांचं नातं बहुतेकदा समोर येतं ते बिघडलेल्या रूपात, आणि त्याची सुरुवात घशातून होते.

साक्री-पिंपळनेर पट्ट्यातल्या पोराचा घसा दुखतो, दोन दिवस ताप येतो, बरं वाटतं. घसा स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूमुळे दुखला असेल तर प्रतिकारशक्ती त्या जंतूविरुद्ध फौज तयार करते. अडचण अशी की या जंतूच्या अंगावरची काही प्रथिनं माणसाच्या हृदयातल्या प्रथिनांसारखी दिसतात. थोड्या मुलांमध्ये, दोन-तीन आठवड्यांनी, हीच फौज स्वतःच्या हृदयावर उलटते. गुडघे-घोटे आळीपाळीने सुजतात, ताप परत येतो. सांधे बरे होतात, हृदयाची झडप मात्र वर्षानुवर्षं आकसत राहते. रुमॅटिक फिव्हर ओळखण्यासाठी अमेरिकेतल्या डकेट जोन्स यांनी 1944 मध्ये निकष ठरवून दिले. सुधारत सुधारत ते आजही वापरात आहेत, आणि त्यातला एक निकष म्हणजे ईसीजीवरचं तेच अंतर लांबणं. जोन्सच्या यादीवरून निदान करणारा डॉक्टर त्या पाच चौकटी मोजतो, तेव्हा तो तावाराच्या नोडवर आशोफच्या आजाराचा परिणाम मोजत असतो.

झडप आकसली की तिच्या वरचा कप्पा, डावं अलिंद, फुगत जातो. फुगलेल्या कप्प्यात लहर सरळ जाईना, इकडून तिकडे भोवंडत राहते, आणि कप्पा आवळण्याऐवजी नुसता थरथरतो. याला एट्रिअल फिब्रिलेशन म्हणतात. ‘छातीमा धडधड व्हई ऱ्हायनी’ म्हणत आलेल्या बाईची नाडी धरली तर बोटाखाली कसलाच ताल लागत नाही: एक ठोका भरीव, दुसरा पुसट, तिसरा लगेच, चौथा गायबच. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून मोजलेले ठोके मनगटावरच्या ठोक्यांपेक्षा जास्त भरतात, कारण काही ठोक्यांत ढकलायला रक्तच नसतं. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी सुटते, मेंदूत जाते, आणि तिशी-चाळिशीच्या बाईला पक्षाघात होतो.

हा आजार जगात सगळीकडे सारखा नाही. चाळीसहून अधिक देशांतल्या 15,400 एट्रिअल फिब्रिलेशनच्या रुग्णांची नोंद 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात उत्तर अमेरिकेतल्या रुग्णांपैकी रुमॅटिक हृदयरोग असलेले होते 2.2 टक्के. भारतातले 31.5 टक्के. तिकडे हा म्हातारपणाचा, रक्तदाबाचा, वाढलेल्या वजनाचा आजार. इकडे जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यात लहानपणीच्या घशाचा. म्हणून तिकडचं औषध डोळे मिटून इकडे चालत नाही. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या गणेशन कार्तिकेयन यांच्या नेतृत्वाखाली 24 देशांत झालेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष 2022 मध्ये आला: रुमॅटिक झडपेच्या रुग्णांत रक्त पातळ करायला नव्या रिव्हरोक्साबानपेक्षा वॉरफरिनच्या जातीची जुनी गोळी घेणारे जास्त जगले. जुन्या गोळीला वारंवार रक्त तपासावं लागतं, ती कटकट आहेच. तरी कौल तिच्या बाजूने गेला.

एकदा कप्पा ताणला की मॅक्रोफेज तिथेही हजर होतात, पण हे जुने रहिवासी नव्हेत. रक्तातून नव्याने आलेले, तापट. नारेनडॉर्फ यांच्याच गटाने 2023 मध्ये शस्त्रक्रियेत काढलेले माणसांच्या अलिंदांचे तुकडे एकेका पेशीपर्यंत तपासले. फिब्रिलेशनवाल्यांच्या तुकड्यांत अशा नव्या मॅक्रोफेजची संख्या वाढलेली होती, आणि ते ऑस्टिओपॉन्टिन नावाचं द्रव्य सोडत होते. त्याने स्नायूत चिवट तंतूंचे व्रण वाढतात. व्रणातून वीज जात नाही, ती वळसे घेते, आणि वळसे म्हणजेच फिब्रिलेशन. रक्तदाब, लठ्ठपणा आणि गळकी झडप असे तिन्ही दोष एकत्र दिलेल्या उंदरांत हे द्रव्यच बंद केलं तर फिब्रिलेशन कमी झालं. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी साधारण चौथा-तिसरा हिस्सा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी या लयीत जातो. सूजही नेमकी त्याच सुमारास शिगेला पोचलेली असते.

हार्ट अटॅकनंतर तर प्रकार आणखी वेगळा. जखमी स्नायूकडे आधी धावतात न्यूट्रोफिल, म्हणजे पुवात भरलेल्या असतात त्या पेशी. 2022 मध्ये दिसून आलं की अटॅकनंतर उंदरांत लयीचं वादळ उठवण्यात न्यूट्रोफिलचा हात असतो आणि मॅक्रोफेज ते शमवतात. 2025 मध्ये त्याचं एक कारण हाती आलं. न्यूट्रोफिलकडे जंतूच्या आवरणाला भोकं पाडणारं एक प्रथिन असतं. जखमी हृदयात तेच प्रथिन स्नायूपेशींच्या आवरणाला भोकं पाडतं, भार गळतो आणि पेशी नको तेव्हा चेततात. बाभळीच्या काट्याभोवती जे शस्त्र आपल्याला वाचवतं, तेच इथे आपल्यावर चालतं.

क्षयाचंही असंच. क्षयाच्या जंतूला वेढा घालून मॅक्रोफेज गाठी करतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्या फुफ्फुसातच असतात असं मात्र नाही. हैदराबादचे हृदयलयतज्ज्ञ कलंबूर नरसिंहन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये एका निबंधात असे रुग्ण मांडले की ज्यांच्या हृदयाची ताकद शाबूत होती, पण खालच्या कप्प्यातून जीवघेणी वेगवान लय सुटत होती. शोध घेतला तर छातीतल्या लसिका ग्रंथी वाढलेल्या, आणि हृदयात गाठींची सूज. काहींना क्षय होता, काहींना सार्कॉइडोसिस हा अशाच गाठींचा दुसरा आजार. हृदयाच्या कारखान्यात दोष नव्हता. लाइनवर वेढा पडला होता. माझ्या मते आपल्याकडच्या डॉक्टरांनी या निबंधाला ईसीजी मशीनशेजारी जागा द्यावी.

मग करायचं काय? प्रतिकारशक्ती ‘वाढवणारे’ काढे आणि गोळ्या विकणाऱ्यांना इथे सोयीचं उत्तर मिळणार नाही. ही शक्ती टाकीतल्या पाण्याची पातळी नव्हे, की जास्त ती बरी. 2016 मध्ये कर्करोगाच्या दोन रुग्णांचा अहवाल आला. टी पेशी या रोगप्रतिकारक पेशींचा लगाम सोडणारी दोन औषधं त्यांना एकत्र दिली होती. त्या मोकाट पेशी कर्करोगाच्या गाठीबरोबर हृदयातही शिरल्या, लय कोसळली आणि दोघेही दगावले. उलट बाजूने सूज दाबायचं तर कोल्चिसिन आहे. आपल्या रानात पावसाळ्यात लाल-पिवळी फुलं मिरवणारी कळलावी या द्रव्याने भरलेली असते, आणि म्हणूनच विषारी असते. ती चघळायची कल्पनाही करू नये. छातीच्या (हृदयाच्या नव्हे) शस्त्रक्रियेनंतर फिब्रिलेशन टळावं म्हणून 3,209 रुग्णांवर कोल्चिसिनची चाचणी झाली. 2023 मध्ये निकाल आला: औषध घेणाऱ्यांत 6.4 टक्के, न घेणाऱ्यांत 7.5 टक्के. फरक एवढा थोडा की तो योगायोगही असू शकतो. सगळ्या खात्याला सरसकट सुट्टी देऊन भागत नाही. तापट पाहुणे हाकलायचे आणि जुने वायरमन कामावर ठेवायचे, असं औषध अजून घडतं आहे.

घशातून सुरू होणाऱ्या रोगाला मात्र उत्तर आहे आणि ते जुनं आहे. रुमॅटिक फिव्हर होऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन: मोठ्याला 12 लाख युनिट, लहान वजनाच्या मुलाला 6 लाख. जंतू घशात परत आलाच नाही तर फौजही परत उभी राहत नाही. हृदयाला धक्का लागला नसेल तर किमान पाच वर्षं किंवा वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत, यातलं जे लांब असेल ते. झडप बिघडली असेल तर दहा वर्षं किंवा चाळिशीपर्यंत. दिवाळीच्या आगेमागे तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली कुटुंबं कोंडाईबारीचा घाट उतरून गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. त्यात पाच-सहा इंजेक्शनं सहज चुकतात. म्हणून तारखा लिहिलेलं कार्ड पोराच्या आईच्या पिशवीत असायला हवं, आणि पुढच्या तारखेला जवळच्या गुजराती दवाखान्यात ते दाखवायचं, हे तिला निघण्यापूर्वीच सांगून ठेवायला हवं.